ॲसिडिटीसाठी दरवर्षी एंडोस्कोपी? गरज नाही

'ॲसिडिटी आहे ना, मग दरवर्षी दुर्बिणीने पोट तपासून घ्या,' असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

नुसती जळजळ असेल तर आधी औषध: डॉक्टरांच्या सल्ल्याने ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, ४ ते ८ आठवडे. गोळी जेवणानंतर घेतली की गुण कमी येतो, आणि मग विनाकारण एंडोस्कोपी होते. जठरात व्रण (अल्सर) करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधायलाही बहुधा श्वासाची किंवा शौचाची चाचणी पुरते. मात्र त्याआधी डॉक्टरांना विचारून २ आठवडे ही गोळी बंद ठेवावी लागते, आणि अँटिबायोटिक घेऊन ४ आठवडे उलटलेले हवेत. नाहीतर जंतू असूनही अहवाल 'नाही' येतो.

घास अडकणे, काळी शौच, रक्ताची उलटी, कारणाशिवाय घटणारे वजन, ॲनिमिया, उतारवयात पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांत एंडोस्कोपी लागतेच. तिथे पैसे वाचवू नका. रक्त पडत असेल तर तडक रुग्णालय गाठा.

कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत, खर्च दुप्पट होतो तो आतडे नीट साफ नसल्याने ती पुन्हा करावी लागते म्हणून. आतडे साफ करणारे जुलाबाचे औषध निम्मे आदल्या संध्याकाळी, निम्मे तपासणीच्या ४ ते ६ तास आधी घ्यायचे असते.