आरतीचं तबक त्याच्या हातात द्या

वडोदऱ्याच्या खासवाडी स्मशानात काम शिकणाऱ्या मुलाला जुने मित्र टाळतात, हे लेखात वाचून फार वाईट वाटलं. सरण रचणं सोपं नाही. तीन-चारशे किलो लाकूड, खाली जाड ओंडके, मधे हवा खेळायला जागा. पावसाळ्यात लाकूड ओलं असलं की धुरात उभं राहायचं. कपालक्रिया (कवटी फोडण्याचा विधी) झाली की आपण घरी जातो. तो मात्र चिता विझेपर्यंत एकटाच. (या वयात बोलायला कोणीतरी लागतंच ना!) २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या लाटेत वडोदऱ्यात रात्ररात्र चिता जळत होत्या, तेव्हा हीच माणसं उभी होती. दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी मंडळांनी यंदा त्याला गणपतीच्या आरतीला बोलवावं, आरतीचं तबकही त्याच्याकडे द्यावं.