गच्चीवरचे उघडे पाईप बुजवू नका

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला. तीन वेळा वाचून सोडून दिला. चौथ्या वेळी तो मुलुंडच्या मावशीकडून आला आणि खाली तिने लिहिलं होतं, "अगं, आमच्या कमिटीने रविवारी माणूस बोलावून सगळे बुजवून पण टाकले. आता वास जाईल ना?"

मेसेज थोडक्यात असा: गच्चीवर जे उघडे पाईप दिसतात ते सेप्टिक टँकच्या जमान्यातले. आता लाइन महापालिकेच्या गटाराला जोडलेली असते, त्यामुळे त्यांचं काम संपलं. त्यांतून डेंग्यूचे डास, झुरळं आणि घाण वास येतो. सिमेंटने बुजवा. हवा बंद झाली की पाण्याला प्रेशर मिळतं आणि लाइन तुंबत नाही. तरी वास आलाच तर महिन्यातून एकदा ॲसिड ओता आणि एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. शेवटी "एका अनुभवी इंजिनियरकडून". नाव नाही, गाव नाही.

मी बारा वर्षं इमारतींच्या पाण्या-सांडपाण्याची ड्रॉइंग करते. मावशीचा मेसेज वाचून माझं डोकं फिरलं, कारण सिमेंट आधीच लागलं होतं.

"हवा बंद झाली की पाण्याला प्रेशर मिळतं." हे ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात कधी तेलाचा डबा फोडलेला नाही. पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक पाडा, तेल भकभक करत, अडत, अंगावर उडत येतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. आपल्या आयांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण दुसरं भोक पाडल्याशिवाय त्यांनी डबा कधी तिरका केला नाही. गच्चीवरचा व्हेंट पाईप म्हणजे ते दुसरं भोक.

इमारतीत नेमकं काय होतं ते सांगते. वरच्या मजल्यावर फ्लश केला की पाणी पाईप भरून खाली येत नाही. ते पाईपच्या आतल्या बाजूला चिकटून, कड्यासारखं घसरत येतं आणि मधली हवा आपल्याबरोबर खाली ओढत नेतं. तेवढी हवा वरून आत यावी लागते. वरचं तोंड उघडं असेल तर ती आभाळातून येते. ते बुजवलं तर पाईप जिथून मिळेल तिथून हवा खेचतो, आणि त्याला सगळ्यात सोपी वाट म्हणजे तुमच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप.

जाळी उचलली की खाली वाडग्यासारखा भाग दिसतो, तो हा ट्रॅप. त्यात कायम थोडं पाणी साचून राहिलं पाहिजे. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, हे पाणी 50 मिलिमीटर धरलं आहे. गटार आणि तुमचं नाक यांच्यामध्ये एवढंच: दोन इंच पाणी. वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर पाणी तोलून धरतो, त्याच्या दोनशेव्या हिश्शाएवढा हा पडदा. तो खेचला जायला फार जोर लागत नाही.

शनिवारी मावशीकडे गेले. चौथा मजला, सात मजली इमारत, संडास आणि बाथरूमचा उभा पाईप एकच. गिरगावातल्या जुन्या इमारतींत दोन पाईप वेगळे असायचे आणि मोरीचा पाईप खाली गली ट्रॅपमध्ये, म्हणजे इमारतीबाहेर जमिनीत बसवलेल्या पाणी साचणाऱ्या ट्रॅपमध्ये पडायचा, तिथे थोडा बचाव होता. इथे तो नाही. बाथरूमचं दार उघडताच वास आला. मावशीने सकाळीच फिनेल टाकलं होतं, त्याच्यावरून तो येत होता. मी स्टीलची जाळी काढली, मोबाइलचा टॉर्च मारला. ट्रॅप ठणठणीत कोरडा. दीड तासापूर्वी तिथे आंघोळ झाली होती.

मगभर पाणी ओतलं, ते काठापर्यंत आलं. मग वरच्या काकूंना फोन लावला, "काकू, एकदा फ्लश करता का?" आधी पाण्यावर शिरशिरी आली. मग गुरगुर असा आवाज झाला, मावशी म्हणाली, "हाच गं, रात्री हाच येतो." आणि पाणी आमच्या डोळ्यांदेखत बोटभर खाली गेलं. दुसऱ्या फ्लशला तळ दिसला. पहिल्या मजल्यावर चौकशी केली तर त्यांच्याकडे उलटा प्रकार: कमोडमधलं पाणी बुडबुडतं. वरून दाबली गेलेली हवा तळाच्या बेंडपाशी, म्हणजे उभा पाईप आडवा वळतो तिथे, कोंडते आणि ट्रॅपमधून वर येते. तिथल्या आजोबांनी दोन वेळा प्लंबर बोलावून लाइन साफ करून घेतली होती. लाइन तुंबलेलीच नव्हती.

आता मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला, एक्झॉस्ट फॅनचा. पंखा बाथरूममधली हवा बाहेर फेकतो. दार-खिडकी बंद असेल तर तेवढीच हवा दुसरीकडून आत येते, आणि ट्रॅप कोरडा असेल तर ती गटारातून येते. म्हणजे वास घालवायला लावलेला पंखा गटारच घरात ओढतो.

हे मी घाबरवायला सांगत नाही, हे घडून गेलं आहे. 2003 च्या मार्चमध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ पसरली. 15 एप्रिलपर्यंत 321 रुग्ण झाले आणि त्यातले 41 टक्के एकाच इमारतीतले, ई ब्लॉकमधले. तिथल्या आरोग्य खात्याने तपास केला. एक बाधित माणूस त्या इमारतीत येऊन गेला होता, त्याला जुलाब होत होते आणि त्याने तिथला संडास वापरला होता. बऱ्याच घरांत बाथरूमची फरशी पाणी टाकून न धुता पुसून घेत, त्यामुळे जमिनीतले ट्रॅप सुकलेले होते. बंद बाथरूममध्ये पंखा चालू असताना सांडपाण्याच्या पाईपमधले दूषित तुषार त्या कोरड्या ट्रॅपमधून घरात खेचले गेले असावेत, असा अहवालाचा निष्कर्ष होता. तिथे कुणी व्हेंट बुजवला नव्हता, हे मान्य. ट्रॅप न वापरल्यामुळे सुकले होते. पण मावशीच्या इमारतीत तोच कोरडा ट्रॅप कमिटीने पैसे देऊन करून घेतला आहे, आणि मेसेज वर सांगतो की पंखा लावा.

सेप्टिक टँकचा मुद्दा दोन वाक्यांत. पाईपचं खालचं टोक टँकमध्ये जावो की महापालिकेच्या गटारात, उतरणाऱ्या पाण्याला वरून हवा लागतेच. आणि गटाराला जोडलं म्हणून वायू कमी होत नाहीत, उलट अख्ख्या रस्त्याचं गटार तुमच्या पाईपला जोडलं जातं.

डासांबद्दल मात्र अर्धी गोष्ट खरी आहे, ती कबूल करते. उघड्या व्हेंट पाईपमधून डास ये-जा करतात. पण ते बहुतेक क्युलेक्स, घाण पाण्यात वाढणारे, हत्तीपाय पसरवणारे. डेंग्यूचा एडिस मुख्यतः स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो: पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे. तरीही डास नकोत, तर उपाय जुनाच आहे आणि आरोग्य खात्याची माणसं तो वर्षानुवर्षं सांगत आली आहेत: पाईपच्या तोंडाला जाळी बांधा. जाळीतून हवा जाते. सिमेंटमधून जात नाही. पावसाचं पाणी आत जातं ही तक्रारही ठीक, त्यासाठी काउल मिळतो, टोपीसारखा, बाजूने उघडा. आणि गच्चीवर वास येत असेल तर पाईप माणसाच्या डोक्यापेक्षा उंच न्या. काही सोसायट्यांत तो पापड वाळत घालायच्या उंचीवर कापलेला असतो, मग वास येणारच.

ॲसिडवर मी वाद घालणार नाही. पाणी ओढलं जातंय, त्याला ॲसिड काय करणार? आणि त्याच मोरीत कुणी ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर क्लोरीन वायू तयार होतो. लहान बंद बाथरूममध्ये वयस्क माणसाने हा प्रयोग करायचा नाही.

एका ग्रुपवर कुणी म्हणालं की आता एकेरी वॉल्व्ह मिळतात, ते लावले की व्हेंट लागत नाही. असे वॉल्व्ह असतात, कामही करतात. पण ते हवा फक्त आत घेतात. तळाशी कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला वर उघडं तोंड लागतंच. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना त्या वॉल्व्हचा उपयोग शून्य.

मी सेक्रेटरींना हे सगळं समोर बसून सांगितलं. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले, "मॅडम, खर्च झालाय. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेतो." मी म्हटलं, छिन्नी-हातोडा आणि एका माणसाची अर्धा दिवस मजुरी, तेवढाच खर्च आहे, मी देते. त्यावर, ठराव लागेल म्हणाले. मीटिंग पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे.

तोवर मावशीला सांगून आले आहे: पंखा लावू नकोस, खिडकीची काच उघडी ठेव, वापर नसेल तेव्हा जाळीवर पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेव, आणि गुरगुर ऐकू आली की मगभर पाणी ओत. ती बहात्तर वर्षांची आहे. काल फोनवर म्हणाली, रात्री दोनदा उठून ओतलं.