नायलॉनच्या दोराबद्दल खुलासा

"नायलॉनचा दोर कुजत नाही, दहा वर्षं बघायचं काम नाही" हा मेसेज पैठणकडच्या ग्रुपवर फिरतोय. मीही तो पुढं पाठवला होता, चूक झाली.

कुजत नाही हे खरं, पण उन्हानं मरतो. नाथसागरावर होडीला बांधलेला माझा दोर परवा चोळून पाहिला तर पांढरी भुकटी निघाली. पीळ उकलला तर आत वाळू. ती धागे आतून कापते. गाठीपाशी ताकद निम्म्यापर्यंत घटते. आणि पाण्यावर तरंगणारा दोर नायलॉन नसतोच, बहुधा पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकचा असतो. तो उन्हात आणखी लवकर जातो.

साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, कडीजवळ घासलेला तुकडा कापून टाका. जुना मेसेज कृपया पुढं पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा टाका.