महत्त्वाचे काय, हे स्वतः ठरवू नये

सकाळी उठल्याबरोबर नळाला पाणी आले की नाही, हे पाहण्याची खोड आपल्याला असेल, तर ती प्रथम सोडावी. कोरडा नळ ही आपली खासगी बाब आहे. तो खरोखरच मोठा प्रश्न असता, तर एव्हाना पडद्याच्या तळाशी लाल पट्टीवरून धावला असता. म्हणून आधी टीव्ही लावावा, आज आपल्याला कशाची काळजी वाटणार आहे ते समजून घ्यावे आणि मग, वेळ उरल्यास, बादली उचलावी.

मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या अमेरिकी अभ्यासकांनी 1968 च्या निवडणुकीत चॅपल हिल येथील शंभर कुंपणावरच्या मतदारांना कळीचे प्रश्न विचारले आणि 1972 मध्ये दाखवून दिले, की माध्यमांनी ज्या प्रश्नांना जितकी जागा दिली, जवळपास त्याच क्रमाने ते मतदारांनाही महत्त्वाचे वाटत होते. एवढ्यासाठी इतका खटाटोप! आमच्या चाळीत विचारले असते, तर चहासकट उत्तर मिळाले असते.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर 2023 साली 2,590 माणसे दगावली, म्हणजे दिवसाला सरासरी सात. यावर हळहळू नये. रोज सात ही बातमी नव्हे, ते वेळापत्रक झाले. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारांतील प्रवासी एकदम खाली पडले, तेव्हा हळहळण्यास रीतसर परवानगी मिळाली होती. परंतु 12 जूनला अहमदाबादेत विमान कोसळले, कॅमेरे तिकडे गेले आणि ती परवानगीही संपली. आपण दिवा स्थानकाहून दारात लोंबकळत निघाला असाल, एका हातात दांडा आणि दुसऱ्यात मोबाइल असेल, तर रुळांकडे न पाहता सहा चौकटींतल्या भांडणाकडेच पाहावे.

मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत 227 प्रभागांत एकही नगरसेवक नव्हता, ही क्षुल्लक गोष्ट कोणी काढलीच, तर आवाज वाढवावा. टीव्हीचा.

आमच्या शेजारचे काका तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन तीनदा वॉर्ड ऑफिसात जाऊन आले. चौथ्यांदा न जाता त्यांनी बातम्या लावल्या. आता घोटाभर पाण्यात खुर्ची टाकून, पाय वर घेऊन, शेजारी देशाला धडा कसा शिकवावा हे ते आम्हाला समजावून सांगतात.