इसारचिठ्ठी झाली म्हणजे घर झालं?

बाप्पा! आगाऊ पैसे देऊन सौद्याची चिठ्ठी लिहिली, एक स्टॅम्प, दोन साक्षीदार, चार कप चहा आणि म्हणे घर घेतलं! शंभर रुपये नि त्यावरच्या किमतीचं घर दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवल्याशिवाय नावावर होत नाही. पण इसारचिठ्ठी जपतात जणू देव्हाऱ्यातला टाक.

'नमुना आठवर नाव आहे ना!' अहो, तो ग्रामपंचायतीचा घरकराचा कागद. कर भरला की मालक?

आणि कागदावरच्या चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, तर काय! 'पूर्वेस रस्ता, पश्चिमेस भाऊ.' भाऊ वारला, त्याच्या पोरानं सांदवाडीत, दोन घरांमधल्या बोळीत, संडास बांधला, आता सांगा पश्चिम कुठं? लांबी-रुंदी फुटांत लिहायला काहून जड जाते? टेप धरायला अर्धा तास लागतो, दिवाणी कोर्टात निम्मं आयुष्य.

विकणारेही कमी नाहीत. वडिलोपार्जित घर, बहिणी सासरी, म्हणून त्यांना विचारायचंच नाही! 2005 पासून लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे. खरेदीखतावर त्यांच्या सह्या का नाहीत? मग वाटणीचा दावा आला की घेणारा बोंबलतो.

इसार घेऊन विकणारा खरेदीखत करून देईना? ठरल्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. आमचे लोक 'भाऊ, दिवाळीनंतर पक्कं' यावर चार दिवाळ्या काढतात.