"केमोचं अ‍ॅप म्हणजे फॅड" या फॉरवर्डबद्दल

फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आलाय. म्हणे केमो घेऊन घरी जाणाऱ्या पेशंटनी रोज मोबाईलवर त्रास आणि गोळ्या नोंदवायच्या हे नुसतं फॅड आहे, काय होतंय ते पुढच्या व्हिजिटला सांगा, म्हाताऱ्यांना हे जमत नाही आणि लिहून लिहून टेन्शन वाढतं.

"पुढच्या व्हिजिटला सांगा" हे यातलं सगळ्यात डेंजर. व्हिजिट असते बऱ्याचदा तीन आठवड्यांनी, आणि इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मधल्या मधेच खाली जातात. तेव्हा ताप 100.4 ला गेला की लगेच हॉस्पिटलला फोन करायचा असतो, पण घरचे क्रोसिन देतात, ताप उतरतो, सगळे खूश, आणि इन्फेक्शन आत तसंच. वर ओपीडीत "कसं वाटतंय?" विचारलं की आपली माणसं "बरंय" म्हणून मोकळी, कारण डोस कमी करतील ही भीती.

फॅड म्हणाल तर न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये 766 पेशंटवर ट्रायल झाली. 2017 ला रिझल्ट आले, लक्षणं ऑनलाइन कळवणाऱ्यांचा मीडियन सर्व्हायव्हल (म्हणजे निम्मे पेशंट निदान इतके तरी जगले) 31.2 महिने, बाकीच्यांचा 26. त्रास वाढला की नर्सला ईमेल जायचा, खरी गोम तिथे आहे. आता हेही सांगतो की नंतर अमेरिकेतच 52 ठिकाणी मोठी ट्रायल झाली त्यात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, रोजचं जगणं मात्र सुधारलं. म्हणजे चमत्कार नाही, पण फॅडही नाही.

म्हाताऱ्यांचं म्हणाल तर पहिल्या ट्रायलमध्ये कॉम्प्युटरची सवय नसलेलेही होते आणि त्यांना फायदा उलट जास्त झाला. दुसरीत तर ऑटोमॅटिक फोन कॉलवर उत्तरं द्यायची सोय होती.

गोळ्यांचं तर फॉरवर्डवाल्याला माहीतच नाही बहुतेक. कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी साधारणपणे 14 दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासात, मग 7 दिवस सुट्टी. पाकिटात गोळ्या उरल्या म्हणून सुट्टीतही खाणारे असतात, तळहात लाल होऊन सोलायला लागले तरी कुणाला सांगत नाहीत. कालनिर्णयवर फुल्या मारल्या तरी चालेल हो, फक्त नोंद पाहिजे.

टेन्शन रात्री दोनला "हे नॉर्मल आहे का" म्हणून गूगल करण्यात जास्त असतं.

एका बाबतीत मात्र शंका रास्त आहे, नोंदी कुणी बघतच नसेल तर अ‍ॅप बिनकामाचं. म्हणून डाउनलोड करायच्या आधी सिस्टरला विचारा, हे कोण बघतं, रविवारी कोण बघतं, माझी माहिती अजून कुणाकडे जाते. आणि ताप, धाप, रक्त असलं काही दिसलं तर नोंदवत बसू नका, सरळ फोन लावा.