खिरीने मलेरिया टळत नाही

पितृपक्ष लागला की नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: भाद्रपदात पित्त खवळतं, त्यातून मलेरिया होतो, म्हणून पूर्वजांनी श्राद्धाला तांदळाची खीर ठेवली. रामकुंडावरून विधी आटोपून आलेली मंडळीही तो पुढे ढकलतात.

मलेरिया पित्ताने होत नाही. तो प्लाझ्मोडियम नावाच्या परजीवीमुळे होतो आणि अ‍ॅनोफिलीस डासाची मादी तो पसरवते. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हा परजीवी पाहिला. तेव्हा साचलेलं पाणी ओतून टाका, थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासा. श्राद्धाच्या पानावर खीर वाढायची तर खुशाल वाढा, त्यासाठी डासांचा दाखला कशाला?

आता खिरीत खरंच काय आहे? एक लिटर गाईचं दूध, मूठभर तांदूळ, १०० ग्रॅम साखर, सहा वाट्या धरा. वाटीमागे साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, २०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तांदळात लायसिन (प्रथिनांमधला एक आवश्यक घटक) कमी असतं, ते दूध भरून काढतं. ही जोडी खरोखर चांगली. पण साखरही वाटीमागे १७ ग्रॅम, म्हणजे जवळपास चार चहाचे चमचे. मधुमेह असेल तर साखरेऐवजी गूळ घालून समाधान मानू नये, रक्तातली साखर त्यानेही चढते.

चवीबद्दल मात्र वाद नाही. इगतपुरीकडचा इंद्रायणी तांदूळ मुळात चिकट, खीर आपोआप दाटते. तरी कस्टर्ड पावडर घालणारे आहेतच! तांदूळ तुपावर परतून भरड वाटा, दूध मंद आचेवर आटवा. जायफळ शेवटी, आणि बेतानं.